भरल्या पोटाचे डोळे

२४ जून
डोकं पुन्हा उठलं. उजवी बाजू, डोळ्यामागून. कारखान्यात सकाळपासून गणपतींच्या डोळ्यांची आखणी. दुपारी बुबुळाच्या जागी नुसत्या चमकत्या रेघा. ब्रश ठेवला. मालक, म्हणजे दादा, तोंड वाकडं करून म्हणाले घरी जा. संध्याकाळी रोह्याजवळच्या वरसेहून ताईचा फोन. "सुकट सोड गो. मोबाइलवर आलंय, सुकी मासळी अर्धशिशीला वाईट." तिच्या मोबाइलवर सगळंच येतं.

२ जुलै
सुकट बंद. लोणचं बंद. चहा बंद. सासूबाईंनी चिंच काढली, जाऊबाईंनी वांगं. ह्यांनी नागोठण्याहून शिफ्ट संपवून येऊन सांगितलं, चॉकलेट खाऊ नकोस. आणून कधी दिलंत? ताटात उरलंय काय, तर वरणभात आणि सल्ले.

९ जुलै
एवढं सोडून आज परत. दोनदा उलटी.
दादा : "वैनी, रोह्याची ऑर्डर हाय. नाय जमत तर डोळे दुसऱ्या कुणाला देतो. तुम्ही पितांबर रंगवा."
पितांबर कोणीही रंगवतं. डोळे माझे आहेत, लग्न होऊन पेणला आले तेव्हापासून. रडले नाही. घरी येऊन भांडी आपटली.

१५ जुलै
ताईने रोह्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी सगळं पथ्य ऐकून घेतलं. मग, "दुखतं त्या दिवशी सकाळी काय खाता?"
काही नाही. आखणीच्या दिवशी काम होईपर्यंत उपाशी. कारखान्याची रीत. दादांच्या आई, आम्ही मोठ्या आई म्हणतो, त्यांचा दंडक. देवाचे डोळे उघडायचे ते रिकाम्या पोटी.
बाई म्हणाल्या, "मग सुकटीला कशाला बोल लावता? आधी वेळेवर जेवा."
रिक्षात ताईने मोबाइल पर्समध्ये टाकला. हे काही तिच्या मोबाइलवर आलं नव्हतं. आणि मला तरी इतकी वर्षं कळू नये? संताप संताप झालाय.

१८ जुलै
लसूण ठेचून सुकट केली. दोन भाकऱ्या. सासूबाई बघत होत्या, कधी पडते ही. नाही पडले.

२१ जुलै
मो. आईंना डॉ. चं सांगितलं. "आमच्या मामंजींपासून चालत आलंय गो. कोण मेलं का उपाशी राहून?" हे चहात खारी बुडवत. जिला उपास नाही तिला उपदेश फार. तोंडावर म्हटलं नाही, इथे म्हणते.

२४ जुलै
कारखान्याच्या ओट्यावर बसून, सगळ्यांसमोर, भाकरी आणि भेंडीची भाजी. (तिथे मासळी नेत नाही, तेवढं मलाही कळतं.) हातपाय धुतले, नमस्कार केला, बसले. हात काय चालला आज. दुपारपर्यंत अख्खी फळी झाली आणि डोकं जागेवर. इतकं बरं वाटलं की कुंदाला, माझ्या शेजारी सोंडा रंगवते तिला, उगाच हसवलं.
मो. आई आल्या. मूर्तींकडे बघितलंही नाही. "ह्या येगळ्या ठेवा. रोह्याला नाय जायच्या."
दादांनी मूर्ती बाजूला काढल्या.

२५ जुलै
पत्रा गळायला लागला म्हणून कुंदाने काल संध्याकाळी सगळ्या मूर्ती आतल्या फळ्यांवर सरकवल्या. जुन्या, नव्या, सगळ्या एकत्र. मो. आई सकाळी चष्मा लावून एकेका गणपतीच्या डोळ्यात बघत फिरल्या. पुसला, परत घातला, परत फिरल्या. शेवटी माझ्यापाशी. "तुझे जेवून केलेले कंचे गो?"
मला एकूण एक ओळखू येतात. उपाशी दिवसांची रेघ उजव्या डोळ्याच्या टोकाला किंचित हललेली आहे. कालची नाही.
म्हटलं, "तुम्हीच ओळखा."
कुंदा सोंडेत तोंड घालून बसली. दादा म्हणाले, उद्या बघू. उद्या परत आखणी आहे, कोण करणार ते सांगितलं नाही.
भाकरीचं पीठ काढून ठेवलंय.