पडेल त्याचा केक

३ मार्च
नृत्यसंस्थेच्या फलकावर यादी लागली. नव्या नृत्यात मुख्य जोडी: मी आणि इस्क्रा. चव्वेचाळिसाव्या वर्षी! इस्क्रा अकरा वर्षं मागच्या रांगेत नाचली, तिची ही पहिलीच मुख्य भूमिका. अनुभवी माणूस सोबत मिळाला हे तिचं भाग्य. (वाक्य उर्मट आहे. पण खोटं नाही.) आजपासून रोज वीस मिनिटं खांद्याचे व्यायाम. चीज भरलेली लोणीदार बनित्सा बंद.

७ मार्च
नृत्याचा शेवट असा: इस्क्रा धावत येते, उडी घेते, मी तिला डोक्यावर झेलतो. आज नुसती खूण केली, म्हणजे न उचलता नुसते हात खांद्यापर्यंत नेऊन दाखवलं. जुने नर्तक तालमीत ताकद राखून ठेवतात. खांदा दुखतो म्हणून नव्हे. दुखतो, पण म्हणून नव्हे.

१२ मार्च
खूण. व्यायाम दोनदा झाले. एकूण दोनदा. बनित्सा खाल्ली, पण उभ्याउभ्या.
तालीम घेणाऱ्या स्तान्काबाई म्हणाल्या, "अरे ओग्न्यान, पोरीला एकदा तरी उचलशील का? की मुहूर्त काढायचाय?" सगळे हसले. मी म्हणालो, "बाई, अंगात मुरलंय ते."

१५ मार्च, दुपार
घरी सुटकेसमध्ये पुस्तकं भरून उचलली. खांद्यापर्यंत आली. समाधानकारक.
पुस्तकं तीस किलो. इस्क्रा बावन्न.

१८ मार्च
इस्क्राने जिन्यात गाठलं. "दादा, खरं सांगा, खांदा ठीक आहे ना? नसेल तर बदली नर्तक कालोयान तयार आहे. मी पडले तर पुन्हा मागच्या रांगेत." मी म्हणालो, "तू फक्त उडी मार." हे तिच्याकडे न बघता, मार्चमध्ये शुभ म्हणून बांधतात त्या तिच्या मनगटावरच्या लाल-पांढऱ्या दोऱ्याकडे बघत म्हणालो. म्हणजे खोटं बोललो. उद्या सांगतो.

१९ मार्च
नाही सांगितलं. आज ती फार आनंदात होती. आनंदातल्या माणसाला काय सांगायचं?

२२ मार्च
रंगीत तालीम. इस्क्राने जीव टाकून उडी घेतली. माझे हात वर गेले आणि खांद्यापाशीच थांबले. पंधरा दिवस हेच तर शिकवलं होतं त्यांना.
ती रंगमंचाच्या फळ्यांवर आपटली. घोटा सुजला. बाई धावत आल्या, काय झालं म्हणून. इस्क्रा म्हणाली, "पाऊल घसरलं माझं." मी शेजारीच उभा होतो.
आमच्याकडे शिरस्ता आहे: जो पडेल त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांना केक आणायचा. उद्याचा केक मी आणणार. आणि सगळ्यांसमोर खरं सांगणार. नक्की.

२३ मार्च
केकचं दुकान दहाला उघडतं. सकाळचा सरावाचा वर्गही दहाला सुरू होतो. इतक्या वर्षांत कधी लक्षात आलं नव्हतं. उघडेपर्यंत थांबलो नाही, रिकाम्या हातांनी गेलो.
फलकावर माझ्या नावावर रेघ. वर बाईंच्या अक्षरात कालोयान.
आत इस्क्रा, घोटा बांधलेला, केक कापत होती. घरी केलेला, अक्रोडाचा. परवाच्या प्रयोगाला नाचता येईल म्हणे तिला. मी घसा खाकरला. सांगायचंच होतं. तेवढ्यात तिने माझ्या हातात बशी दिली. रिकामी.
"तुम्ही नुसती खूण करा, दादा."
कोणीच हसलं नाही. मी बोटं तोंडापर्यंत नेली, चावल्यासारखं केलं आणि म्हणालो, "छान झालाय."