दोन लाख एकतीस हजार एकशे पंच्याण्णवावं घड्याळ

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व ठीक (म्हणजे मी सोडून). तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं मामींकडून कळलं, फार बरं वाटलं. मामींचे गुडघे कसे आहेत? जिन्याला कठडा बसवून घेतलात का? तुमच्या पत्राला उत्तर द्यायला चार महिने लावले. कामाचा व्याप होता असं लिहिणार होतो, पण निवृत्त माणसाला कसला आलाय व्याप! खरं सांगायचं तर तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून पत्रानेच भेटतोय.

निवृत्तीनंतर मला जुन्या घड्याळांचा नाद लागला, हे तुमच्यापासून लपवून ठेवलं होतं. (ज्याच्या मामाने चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त केली, त्याने ही विद्या पुस्तकांतून शिकावी, यातच काय ते आलं.) आमचं जुन्या वस्तू जमवणाऱ्यांचं एक मंडळ आहे. सभासद अकरा, तज्ज्ञही अकरा. त्यांच्या नादाने एका लिलावाला गेलो. कुणाच्या तरी घरचं सामान निघालं होतं: कपाटं, टाइपरायटर, आणि पुठ्ठ्याच्या डबीत एक मनगटी घड्याळ. माझ्याविरुद्ध एकच गृहस्थ हात वर करत होते, तेही पंखा लावा म्हणून, हे नंतर कळलं. मी मात्र इरेला पेटलो आणि घड्याळ घेऊनच उठलो.

घरी आणून तीन आठवडे त्याचं वय काढत बसलो. तबकडी एका काळातली, काटे त्याच्याही आधीचे, चावी भलत्याच कंपनीची आणि आतलं मशीन बायकांच्या घड्याळाचं. शहाण्या माणसाने इथेच ओळखलं असतं. मी निष्कर्ष काढला की हा कारखान्याने केलेला दुर्मीळ प्रयोग आहे. झाकण उघडायचं हत्यार नव्हतं, म्हणून लोणी लावायच्या सुरीने उघडलं (तुमच्या अंगावर काटा आला असेल, पण वाचायचं थांबू नका). झाकणाच्या आत एक इवलीशी मासोळी कोरलेली आणि खाली सहा आकडे: २३११९५. झालं! मासोळी म्हणजे तळ्याकाठच्या कुठल्याशा कारखान्याचं चिन्ह, आणि हे तिथलं दोन लाख एकतीस हजार एकशे पंच्याण्णवावं घड्याळ, म्हणजे वय सत्तर वर्षं. शेजारी आणखी दोन खुणा खरवडलेल्या होत्या, त्या मी तपासनिसांच्या सह्या ठरवून टाकल्या.

मग मंडळात माझं व्याख्यान झालं. टाय लावून गेलो होतो. पडद्यावर झाकणाचा फोटो मोठा करून दाखवला आणि ठासून सांगितलं की असं घड्याळ जगात एकच आहे. पहिल्या रांगेत तुमची भाचेसून, कधी नव्हे ती आलेली. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "अहो, तेवीस अकरा पंच्याण्णव! ही तर आपल्या लग्नाची तारीख!" लोक इतके हसले की मला पाणी प्यावं लागलं. त्यात मागून एक म्हातारे घड्याळजी उठले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "साहेब, हा कारखान्याचा नंबर नाही. घड्याळ हातावेगळं केलं की आम्ही लोक आत आपली खूण आणि तारीख कोरून ठेवतो. मासोळीवाला कारागीर मात्र पक्का बरं का. पाच घड्याळांचं एक करून चालवायचं म्हणजे खेळ नाही." मासोळी कुणाची, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. लहानपणी तुमच्या दुकानातल्या स्टुलावर बसून मी ती शंभरदा पाहिली होती, कारखान्याच्या नादात तीन आठवडे ओळखली नाही इतकंच.

मामा, लग्नात तुम्ही ते घड्याळ माझ्या मनगटावर बांधलंत आणि सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणालात, "पाच मेलेल्या घड्याळांतून एक जिवंत केलंय, खास याच्यासाठी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासऱ्यांच्या हातात सोनेरी घड्याळ चकाकत होतं ना! आठ दिवसांत तुमचं घड्याळ कपाटात गेलं. दोन वर्षांनी आमचे हेडक्लार्क निवृत्त झाले, मी भेटवस्तू आणायला विसरलो, आणि सकाळच्या घाईत तेच पुठ्ठ्याच्या डबीत घालून त्यांना देऊन मोकळा झालो. लिलावातलं सामान त्यांच्याच घरचं होतं, हे परवा चौकशी केल्यावर कळलं. हेडक्लार्क गेले. त्यांची मुलगी सांगत होती की बाबांनी ते शेवटपर्यंत हातातून काढलं नाही, दोनदा दुकानात नेऊन साफ करून घेतलं (माझे 'तपासनीस' ते हेच), आणि मी दिलंय म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे. मला तिच्याकडे बघवेना. आणि तुम्हाला मी इतकी वर्षं प्रत्येक पत्रात लिहीत आलो, घड्याळ झकास चालतंय. तुमच्याकडे यायचं टाळत होतो तेही याचसाठी. रिकामं मनगट घेऊन तुमच्यासमोर कसा बसणार होतो?

रागवायचं तेवढं रागवा, पण मामींना सांगू नका. त्या सुरू झाल्या की थांबत नाहीत.

तुमचा (म्हणवून घेतलंत तर) भाचा

ता. क. : पश्चात्तापाने कबुली देतोय असं समजून माझ्याविषयी चांगलं मत करून घेऊ नका. घड्याळ परत मिळालंय म्हटल्यावर पहिला विचार हाच आला की गुपचूप हातात घालून यावं, सगळं खोटं आपोआप खरं होईल. मग त्या दोन परक्या खुणा आठवल्या. झाकण उघडताच तुम्ही मला पकडलं असतं.

आणखी एक ता. क. : लग्नाची तारीख तीन आठवडे भिंगातून बघूनही न ओळखल्याबद्दल घरात वेगळा खटला चालू आहे. भाचेसून तुमचं ऐकते, दोन शब्द बोलाल का?

शेवटचं : तुमच्या पत्रात शेवटी नेहमीप्रमाणे विचारलंय, घड्याळ चालतंय ना? नाही, मामा. माझ्या सुरीने बंद पडलंय. त्या घड्याळजींनी हात लावायला नकार दिला, म्हणाले, ज्याने केलंय त्यालाच दाखवा. रविवारी घेऊन येतो.