उघडायचे पाचशे

१४ एप्रिल, रविवार. सकाळी ११.
निजामुद्दीनला जाऊन कुसुमावतीकाकूंचा कॅन आणला. पाच लिटर कोकमाचं आगळ. काकूंचे धाकटे भाऊ जयंत वेंगुर्ल्याहून दरवर्षी कोणा ओळखीच्याबरोबर रेल्वेनं पाठवतात आणि त्यावर आमच्या मंडळाच्या महाराष्ट्र दिनाची सोलकढी होते. कॅन आणायची जबाबदारी मीटिंगमध्ये मी आपण होऊन घेतली. गाझियाबादेत मराठी माणूस जेवायला एकत्र येतो. सामान आणायला विश्वनाथ, म्हणजे मी.
प्रवास उत्तम. अकरा स्पीडब्रेकर, पैकी तीन दिसले.

दुपारी १.
कॅन डिकीत जरासा कलंडला होता. झाकण सैल. जयंतरावांचा निष्काळजीपणा. पाव लिटर सांडलं असेल. टॉवेलनं पुसलं.

दुपारी १.४०.
दीड लिटर.

दुपारी ३.
कॅनमध्ये दीड लिटर उकळून गार केलेलं पाणी घातलं. अंदाजानं मीठ. रंग जवळपास तोच. कॅन वरच्या मजल्यावर काकूंच्या हवाली केला. काकूंनी विचारलं, नीट आणलास ना रे? म्हणालो, काकू, काठोकाठ भरलेला आहे. यात खोटं एक अक्षर नाही.
संकल्प: यापुढे डिकीत पातळ पदार्थ नाही.

१६ एप्रिल, मंगळवार.
गाडीतला अ‍ॅम्प्लिफायर बंद पडला. पन्नाशीची मी मला दिलेली ही एकमेव भेट. चोवीस हजार. (बायकोला, अलकनंदेला, चौदा सांगितले आहेत.) डिकीत गालिच्याखाली बसवलाय. घर ते ऑफिस रोज दीड तास. त्यात नाट्यसंगीत लावलं की तबल्याचा डग्गा पोटात वाजला पाहिजे, एवढीच माझी आयुष्याकडून अपेक्षा. आज आनंद विहारला गायकाचा घसा बसला, अक्षरधामपर्यंत बेडूक झाला, पुढे गप्प. अ‍ॅम्पवर लाल दिवा.
कारण: वरकरणी काहीच नाही.
नोंद घेण्याजोगी बाब: मार्चमध्ये बलबीरजींनी याचा फ्यूज बदलला होता. हे बलबीरजी म्हणजे मागच्या मार्केटातले सरदारजी. दुकान हातभर. दर रविवारी स्कूटरवर पेटी घेऊन आमच्या सोसायटीत येतात आणि व्हिजिटर पार्किंगमध्ये लोकांचे हॉर्न, दिवे, स्पीकर दुरुस्त करतात. निम्मी कमाई त्या एका दिवसाची, असं तेच सांगतात. काकूंचा जुना रेडिओ त्यांनी तीनदा जिवंत केलाय, फुकट.
फुकट काम करणाऱ्या माणसाबद्दल मला नेहमीच शंका येते.

१८ एप्रिल, गुरुवार.
बलबीरजींनी बॅटरी मारून पाहिलं. विचारलं, अंदर कुछ गिरा है जी? पानी-शानी? म्हणालो, पानी बिल्कुल नहीं. (पाणी नव्हतंच.) म्हणाले, खोलके देखना पड़ेगा. पाँच सौ खोलने के, बाकी जो निकले.
उघडायचे पाचशे! नुसतं उघडायचे! म्हणालो, मी विचार करून सांगतो. ते म्हणाले, सोच लो जी, पर चालू मत करना, और जलेगा. परतताना चालू करून पाहिलं. काही जळलं नाही. थोडा वास आला.
घरी अलकनंदा म्हणाली, अहो, द्या की पाचशे. म्हणालो, प्रश्न पैशांचा नाही, तत्त्वाचा आहे. ती म्हणाली, आणि गाडीला आमसुलाचा वास कसला येतोय? म्हणालो, दिल्लीची हवाच खराब आहे.

२० एप्रिल, शनिवार.
नोएडात काचेचं दुकान शोधलं. एसी, सोफा, कॉफी फुकट. टाय लावलेल्या माणसानं अ‍ॅम्पकडे वरून पाहिलं आणि निदान केलं: ग्राउंडिंग. याला म्हणतात प्रोफेशनल. उघडायचे पैसे नाहीत, कारण उघडतच नाहीत. तपासणी साडेसातशे, नवीन वायरिंग तीन हजार आठशे. कॉफी बरी होती.
लाल दिवा आता जास्त स्पष्ट दिसतो.
अलकनंदेला सांगितलं, पाचशे लागले.

२७ एप्रिल, शनिवार.
करोल बाग. इथल्या दुकानदारानं नोएडावाल्याला वेड्यात काढलं. म्हणाला, वायरिंग पहिलंच चांगलं होतं. करंट कमी पडतोय. कॅपॅसिटर बसवला, चार हजार सहाशे. नळकांड्यावर निळे आकडे दिसतात, फार देखणे. आवाज नाही. आता पुढच्या दारातले स्पीकरही गेले. तेव्हा तो म्हणाला, नवाच घ्या साहेब, अठरा हजार. मी चुळबुळ केली तसा गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, अंदर का माल बदला हुआ लगता है. पहले किसने हाथ लगाया था?
डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बलबीर! उघडायची एवढी घाई त्यालाच का? कारण आत काय उरलंय हे त्याला ठाऊक.
आतापर्यंत नऊ हजार एकशे पन्नास. अलकनंदेला: एकूण सातशे. ती म्हणाली, बरं. तिचं हे ‘बरं’ मला आवडलं नाही.

३० एप्रिल, मंगळवार. सकाळी ७.४०.
सोसायटीच्या ग्रुपवर हिंदीत सूचना टाकली. सेक्शन ऑफिसरकी अठ्ठावीस वर्षं केली आहे, मसुद्यात आपल्याला कोणी हरवू शकत नाही. विषय: स्कूटरवरून येणाऱ्या मिस्त्रीपासून सावधान. मुद्दा (अ): फ्यूज बदलण्याच्या मिषाने हात लावणे. मुद्दा (ब): त्यानंतर यंत्र बंद पडणे. मुद्दा (क): तज्ज्ञाचे मत. खाली नाव, फ्लॅट नंबर.

सकाळी ९.
त्रेचाळीस अंगठे. ऑफिसात अठ्ठावीस वर्षांत एवढे मिळाले नव्हते. सेक्रेटरीसाहेबांचा फोन: क्या ड्राफ्टिंग है साहब, इसे गेट पे लगवा देते हैं. मीच प्रिंट काढून लॅमिनेट करून दिलं. चाळीस रुपये, स्वखर्चानं. समाजकार्य.
रेवतीनं विचारलं, बाबा, प्रूफ क्या है? म्हणालो, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षात हे कळणार नाही. मग विचारलं, डिकीत तो पर्पल डाग कसला? म्हटलं, आगळ. आगळ मतलब?
म्हटलं, काही नाही.

५ मे, रविवार. सकाळी १०.
मंडळाच्या महाराष्ट्र दिनाच्या जेवणाला निघालो तर गेटवर बलबीरजी. गार्डनं आत सोडलं नाही, सूचनेकडे बोट दाखवलं. बलबीरजींनी स्कूटर स्टँडवर लावली, चष्मा पुसला आणि ओळीखाली बोट ठेवून सगळं वाचलं. खालचं नावही. मग स्कूटर सुरू न करताच पायानं ढकलत वळवली.
मला तेवढ्यात फोनमध्ये बघावं लागलं. नवीन मेसेज नव्हता. जुने वाचले.
लाज वाटण्याचा प्रश्नच येत नाही. मुद्दा (ब) बिनतोड आहे.

संध्याकाळी ६.
जेवण चांगलं. सोलकढी हलकी झाली होती. काहींच्या मते खारट. काकूंनी एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि कोपऱ्यात जाऊन वेंगुर्ल्याला फोन लावला. अरे जयंता, पाणी घालायला लागलास का रे? पलीकडून बहुधा नाही नाही म्हणत असावेत. काकू म्हणाल्या, साठी उलटली तुझी, आता तरी खोटं बोलू नकोस.
मी सोलकढीचा तिसरा ग्लास मागून घेतला. सगळ्यांदेखत. छान झालीय म्हणालो. चौथाही.

रात्री.
पोट.

८ मे, बुधवार.
ऑफिसात काकूंचा फोन. गेटवरचं वाचलं म्हणाल्या. सरदारजींनी माल बदलला असेल तर मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. शनिवारी तुझ्या गाडीतून दोघं जाऊ, ते यंत्र त्यांच्याकडूनच उघडून घेऊ. म्हणालो, शनिवारी ऑफिस आहे. म्हणाल्या, माझ्या ह्यांनी छत्तीस वर्षं सेंट्रल गव्हर्न्मेंटमध्ये काढली, मला शनिवार शिकवू नकोस.
संकल्प: शनिवारी ताप येणे.

११ मे, शनिवार. दुपार.
ताप आला नाही.
बलबीरजींनी काकूंसाठी स्टूल पुसून दिलं. स्टूल एकच होतं असं नाही. मी उभा. अ‍ॅम्प काढून टेबलावर ठेवला. ते म्हणाले, खोलूँ? म्हणालो, खोलिए. म्हणाले, पाँच सौ. दिले. काकू बघत होत्या.
आठ स्क्रू. झाकण निघालं. आत सगळं जांभळंकाळं, वाळून पापुद्रे धरलेले. बलबीरजींनी नखानं एक पापुद्रा खरवडला. मग म्हणाले, साहब, इसको शरबत किसने पिलाया?
मी म्हणालो, ये तो गंज लगता है.
काकूंनी बोट लावलं आणि थेट जिभेवर ठेवलं. बलबीरजी ओरडले, माताजी, ज़हर है! काकूंनी डोळे मिटले. नंतर माझ्याकडे बघून मराठीत म्हणाल्या, हे आमच्या जयंताचं आहे. अस्सल आहे. यात पाण्याचा थेंब नाही.
बोट पदराला पुसून म्हणाल्या, पाणी कुठे गेलं ते कळलं मला.
बलबीरजींना त्यांनी सगळं हिंदीत एकाच वाक्यात सांगितलं. माझी सूचना दीड पानाची होती. बलबीरजींनी झाकण उचललं. बोर्ड ख़त्म, एवढंच म्हणाले, आणि आठही स्क्रू एकेक करून जागच्या जागी परत बसवले. मेलेल्या यंत्राला.
परतताना काकूंनी मागच्या सीटवरून भावाला फोन लावला. माफी मागितली. गाडीत दुसरा कसलाच आवाज नसल्यानं सगळं नीट ऐकू आलं.

संध्याकाळ.
ग्रुपसाठी खुलासा लिहायला बसलो. मसुदा १: काही तांत्रिक कारणांमुळे गैरसमज निर्माण झाला होता. मसुदा २: हवामान व वाहतूक यांचा परिणाम म्हणून. मसुदा ४ बरा जमला होता, त्यात स्पीडब्रेकरांची जबाबदारी नगरपालिकेवर होती. तेवढ्यात अलकनंदेनं टेबलावर टॉवेल आणून ठेवला. जांभळा. तीनदा धुतलाय, म्हणाली, १४ तारखेपासून. वाट बघत होते तुम्ही कधी सांगताय. म्हणालो, मग तू का नाही बोललीस? म्हणाली, मला वाटलं नुसता अ‍ॅम्प्लिफायर गेलाय. माणसाच्या पोटावर पाय दिलात तुम्ही. आता सांडलं कुणी तेवढं लिहा. आणि ते सातशेसुद्धा मला खरे सांगा कधीतरी.
लिहिलं. साडेतीन ओळी झाल्या. पाठवलं.
अंगठे: दोन. एक रेवतीचा. दुसरा चुकून माझाच.

१२ मे, रविवार.
सकाळी साडेआठपासून गेटवर. गार्डला म्हणालो, सूचना काढ. म्हणाला, कमेटी की है साहब, कमेटी ही निकालेगी, मीटिंग अगले महीने. म्हणालो, लिहिलीय मी. म्हणाला, तभी तो. बरंच बोलणं झाल्यावर परवानगी मिळाली: खुलासा हवा तर खाली लावा.
खाली लावला. वरचा कागद लॅमिनेट केलेला, चकचकीत. खालचा साधा. डिंकही घरातला, जुना. नऊला वारा सुटला. गार्ड आकाशाकडे बघून म्हणाला, आँधी आएगी, ये उड़ेगा. लॅमिनेशनवाला रविवारी बंद. म्हणून कागदावर हात दाबून उभा राहिलो. नंतर गार्डनं खुर्ची दिली.
येणारा-जाणारा वाचायला थांबतो. दूधवाला, इस्त्रीवाला, डिलिव्हरीवाले. आधी वरचं वाचतात, मग खालचं, मग माझ्याकडे बघतात. एका कामवालीनं विचारलं, साहब, ये वाले आप ही हो? म्हणालो, हो. दोन्हीवाले.
खरं तर हात सोडून घरी जाता आलं असतं. कागद उडाला असता, दोष आंधीचा. हा विचार मनात आला. इथे नोंद करून ठेवतो. पावणेदहाला आला होता, पुन्हा साडेदहाला.

११.२०.
बलबीरजी रस्त्यानं चालले होते. थांबले. स्कूटर स्टँडवर. चष्मा पुसला. खालचा कागद ओळीखाली बोट ठेवून वाचला. माझा हात आडवा येत होता तिथे तो बाजूला करून वाचला. मी उभा राहिलो. माफ़ कीजिए म्हणालो. त्यासाठी मसुदा केला नव्हता, त्यामुळे दोनच शब्द झाले.
त्यांनी पेटीतून काळी टेप काढली, दातानं तोडून कागदाचे चारही कोपरे चिकटवले. घाईत होते तरी एकेक कोपरा अंगठ्यानं दाबून. मी विचारलं, किती झाले? म्हणाले, खोलने के पाँच सौ लेता हूँ जी, चिपकाने के कुछ नहीं.
गार्डला म्हणालो, दांडा वर घे, यांना आत सोड. बलबीरजी म्हणाले, अब रविवार हाइवे के उस पार की सोसायटी को दे दिया जी. गेले.

दुपारी २.
आंधी येऊन गेली. समोरचा कडुनिंब मोडला, पार्किंगचा पत्रा उडाला. वरचा कागद लॅमिनेशनमुळे शाबूत. खालचा टेपमुळे.
दोन्हींवर फ्लॅट नंबर माझाच.