तिसरा इशारा

दि. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या खात्याचा दुसरा इशारा परवा आला. सूर्य खवळला आहे, रेडिओ बंद पडेल, लांबची उड्डाणं टाळावीत. मी विमान दोरांनी बांधून ठेवलं आणि दिवसभर रेडिओला कान लावून बसलो. रेडिओ इतका स्वच्छ होता की पलीकडच्या धावपट्टीवर कुणी शिंकलं तेही ऐकू आलं. पहिल्या इशाऱ्यालाही हेच झालं होतं. आमच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंचं म्हणणं असं, की तुमच्या बहिणीने आधी खिडकीतून बघावं, मग उपग्रहातून. मी तुझी बाजू घेतली, पण फार जोर लावून घेतली नाही.

बेटावर सगळं ठीक. आईला सांग, दोन्ही वेळ जेवतो.

लोभ आहेच, तो इशाऱ्यांविना वाढावा.

तुझा,
भिरभिऱ्या

दि. ११ मार्च

चि. भिरभिऱ्यास,
अ. उ. आ.

नर्सबाईंना सांग, खिडकीतून बघितलं. समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते, सूर्य दिसत नाही. म्हणून तर सरकार मला पगार देतं.

उपग्रह लष्कराचा, त्यामुळे जास्त लिहिता येत नाही. पण सूर्याचं वागणं काही गुपित नाही. आमचा हा म्हातारा सतरा वर्षं या ध्रुवावरून त्या ध्रुवावर घिरट्या घालतोय. ढगांचे फोटो काढतो आणि सूर्याकडून येणारे कण मोजतो. त्याची मोजणी हल्ली दोनदा चुकली, हे कबूल. महिनाअखेरीस समिती बसणार आहे, त्याला ठेवायचं की बंद करायचं ते ठरवायला.

काल सकाळी मोजणीचा आकडा एकदम शंभरपट चढला. पुढच्या फेरीतही तोच, त्यापुढच्याही. साहेबांनी विचारलं, खात्री आहे का. मी म्हटलं, खात्री नाही, पण इशारा पाठवा. त्यांनी चष्मा पुसला, परत पुसला आणि सही केली. मग धावपट्ट्यांच्या यादीत तुझं बेट चौथं दिसलं, आणि मी अधिकारी म्हणून हट्ट धरला की बहीण म्हणून, हेच मला कळेना. इशारा मात्र खरा ठरला. सहा तास तुमच्या बाजूचा रेडिओ मुका होता.

काल तू काय केलंस ते सविस्तर कळव.

तुझी,
ताई

दि. १८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अभिनंदन. तिसऱ्या खेपेला का होईना, सूर्याने तुझी लाज राखली. मी त्या दिवशी विमान धुतलं, बूट पॉलिश केले आणि दुपारी ताणून दिली. इथे विशेष काही नाही. शाळामास्तरांचं अपेंडिक्स त्याच दिवशी काढलं, आता बरे आहेत.

गडबडीत आहे, म्हणून आवरतं घेतो. माया कमी करू नये.

तुझा,
भिरभिऱ्या

दि. २४ मार्च

चि. भिरभिऱ्यास,
अ. उ. आ.

तुमच्या बेटावर एक नर्स, एक थर्मामीटर आणि एक खाट आहे, हे तूच मला लिहिलं होतंस. मग मास्तरांचं अपेंडिक्स कुणी काढलं? तू, बूट पॉलिश करता करता?

थापा मारायच्या तर नीट माराव्यात, हे तुला लहानपणी शिकवायचं राहूनच गेलं. रागावून झालं आहे, आता फक्त विचारते. काय झालं ते खरं लिही.

तुझी,
ताई

दि. २७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सापडलो.

मास्तर सकाळी दहाला कळवळत आले. नर्सबाईंनी सांगितलं, संध्याकाळपर्यंत सर्जन मिळाला नाही तर आशा नाही. तुझा इशारा माझ्या खिशात होता. मी तुझं ऐकलं नाही, पण तुझं वाचलं होतं. म्हणून कपाटातला कागदी नकाशा काढला, पेन्सिलीने रेघ मारली. रेडिओ चालू होता तोवर पलीकडच्या किनाऱ्यावर, जिथे सर्जन असतो त्या गावच्या धावपट्टीला कळवून ठेवलं, की कोणत्या वाटेने येतो, किती वाजता पोचेन, आणि धुकं असेल तर धावपट्टीच्या टोकाला जुने टायर पेटवा. इंधन काठोकाठ भरलं.

वीस मिनिटांत रेडिओ गेला. मग जागा दाखवणारं यंत्र मला एका डोंगरावर दाखवू लागलं, आणि खाली तर समुद्र. इशारा वाचला नसता तर मी यंत्रावर विश्वास ठेवला असता. होकायंत्र, घड्याळ आणि ती रेघ, एवढ्यावर गेलो. किनाऱ्यावर धुकं पसरलं होतं, आणि त्यातून काळा धूर सरळ वर आला होता. चाळीस मिनिटं उशिरा उतरलो.

मागे बसलेल्या मास्तरांच्या बायकोने वाटेत विचारलं, कुणाशी बोलताय. मी म्हटलं, रेडिओवर. रेडिओ तर बंद होता. तुझ्याशी बोलत होतो ताई, आणि बरंचसं बोलणं चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

सोबत समितीसाठी वेगळा कागद जोडला आहे. इशारा डावलून उडालो आणि इशाऱ्यामुळेच पोचलो, असं सहीनिशी लिहिलं आहे. आमचे साहेब मला काही दिवस जमिनीवर बसवतील. बसेन.

आईला यातलं काही कळू देऊ नकोस. बाकी तुझी कृपा.

तुझा,
भिरभिऱ्या

दि. २ एप्रिल

चि. भिरभिऱ्यास,
अ. उ. आ.

समितीत तुझा कागद वाचला. अर्ध्यावर मी तो साहेबांकडे सरकवला, उरलेला त्यांनी वाचला. म्हाताऱ्याला आणखी एक वर्ष मिळालं.

आईला मी एका शब्दाने सांगितलं नाही. पाकीट तिनेच आधी फोडलं होतं. संध्याकाळी गच्चीत जाऊन बराच वेळ वर बघत उभी राहिली. मी तिला म्हटलं, आमचा उपग्रह असा नुसत्या डोळ्यांनी दिसायचा नाही. ती म्हणाली, तो कुठे शोधतेय मी.

तुझी,
ताई