कुटुंबात माणसं किती

ता. ११ मार्च, बुधवार, दुपार

सूनबाईस,

आशीर्वाद. फुकटचा असतो, म्हणून हात आखडत नाही. तू बरी असशील. इस्पितळाच्या धुलाईघरात वाफेने हात सोलतात असं मागच्या पत्रात लिहिलं होतंस. झोपताना तेल चोळत जा आणि वर जुने मोजे चढव. हसतील त्या बायका, हसू देत. इकडे माझा खोकला मजेत आहे आणि मीही.

अक्षर बघून दचकली असशील. दर वेळी मी सांगते आणि ठमी लिहिते. या वेळी तिला अभ्यास आहे म्हणून मीच बसले. माझं शिक्षण दोन यत्ता, त्यातली दुसरी अर्धी. काना-मात्रा कुठे कमी पडला तर तुझ्याजवळचा घाल.

ठमी वाढली. तू मागच्या भेटीत आणलेला फ्रॉक आता तिला सदऱ्यासारखा होतो. वरचा एक दात पडला, तो तिने आगपेटीत तुझ्यासाठी ठेवलाय. गणित चांगलं आहे. तोंड त्याहून चांगलं आहे. उलट उत्तर देते, आणि कोणावर गेली असं मी म्हटलं की सगळं गोदाम माझ्याकडे बघतं.

गोदाम तसंच आहे. खोल्यांच्या मधल्या लाकडी फळ्या तशाच, म्हणजे शेजारचा शिंकला की आपण तोंड पुसायचं. नळाला नवी तोटी बसली. ती पण गळते.

आता मुख्य बातमी. पुन्हा मोजणी लागली आहे. आपल्यासारखी गावं सोडून तिकडून आलेली माणसं किती, त्यातली पुढे किती गेली, मागे किती राहिली, कोण कोणाबरोबर राहतं, हे सगळं सरकारला हवंय. त्यावरून कोणत्या शहराला वसवणुकीचा किती निधी द्यायचा आणि किती घरं बांधायची ते ठरणार. एका यादीत असतील त्यांना एक घर. या महिन्याच्या एकतीस तारखेला यादी बंद होईल, मग गाड्या भरून जिथे तिथे धाडतील. एकट्या बायकांची यादी वेगळी, त्यांचं शहर वेगळं.

मोजणीला एक मुलगी येते. मी तिला मोजणीबाई म्हणते. हडकुळी, पाठीवर तिच्याहून मोठी पिशवी. पहिल्या दिवशी तिला कोणी दार उघडेना. बाहेर काढायला आलेत असं वाटून माणसं आतून श्वास धरून बसली. मग कचेरीवाल्यांनी मला तिच्याबरोबर हिंडायला सांगितलं. मलाच का, तर मला सगळे घाबरतात आणि कोणाच्या घरात काय शिजतं ते मला ठाऊक. पगार नाही. दोन वेळा चहा आणि बसायला घडीची खुर्ची. खुर्ची तीच उचलते.

गमती पण होतात. शिंपिणीला विचारलं, कुटुंबात माणसं किती. ती म्हणाली, "खाणारी सांगू का कमावणारी?" एका म्हाताऱ्याला विचारलं, मूळ गाव कुठलं. त्याने गावातल्या सगळ्या विहिरी एकेक करून सांगितल्या, कुठलीचं पाणी गोड आणि कुठलीत कोण पडलं. कागदावर जागा बोटभर. मोजणीबाईने लिहिला एकच शब्द, पण ऐकून सगळं घेतलं. तेव्हापासून ती मला आवडायला लागली. तिला सांगितलं नाही, डोक्यावर बसेल.

आमच्या रांगेतल्या घड्याळवाल्यांकडे गेलो त्या दिवसाचं लिहिते. त्यांच्या घरी माणसं चार, त्यांनी सांगितली पाच. पाचवी बायको. मोजणीबाई म्हणाली, "कुठे आहेत त्या?" ते म्हणाले, "नळावर गेलीय." ती बाई गेल्या वर्षी वारली, तिला आंघोळ मीच घातली होती. मी तोंडाला कुलूप लावून बसले. मोजणीबाईने पाच लिहिले. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "आजी, खरंच नळावर?" मी म्हटलं, "नळावर गर्दी असते बाई."

दुसऱ्या दिवशी तेच आम्हाला शोधत आले. म्हणाले, "चार करा. खोली मोठी मिळावी म्हणून नाही बोललो हो. 'होती' म्हणायला गेलो आणि जीभ वळेना." मोजणीबाईने एक रेघ मारली, बाजूला सही केली. एवढंच. मग त्यांनी आम्हाला चहा पाजला, साखर घालायला विसरले, आम्ही पण तसाच प्यायलो.

त्या दिवसापासून मला झोप नाही. जेवण जातं, झोप नाही. घड्याळवाल्यांना मेलेली बायको यादीतून काढवली नाही. आणि मी काय केलं?

ठमी अभ्यासात आहे असं वर लिहिलं ते खरं नाही. तिने माझं पत्र लिहायला नकार दिला. आठ दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलते. जेवण वाढू का, दिवा घालवू का, एवढंच. का, ते आता सांगते. हे तिच्याकडून लिहून घेण्यासारखं नव्हतंच, माझ्या हातानेच व्हायला हवं.

तीन वर्षांपूर्वी आपण इथे आलो तेव्हा पहिली मोजणी झाली. त्या दिवशी तू माझ्याच औषधासाठी सकाळपासून दवाखान्याच्या रांगेत होतीस. दारात कारकून आला. कुटुंबात माणसं किती, म्हणाला. मी म्हटलं, दोन. मी आणि नात. तो म्हणाला, मुलीचा बाप? मी म्हटलं, वाटेत तापाने गेला. तो म्हणाला, आई? मी म्हटलं, हिला आई नाही. त्याने त्या जागी मयत लिहिलं. ते मला वाचता आलं. दोन यत्तांत तेवढं येतं. मी गप्प बसले.

तू इतकी वर्षं समजतेस की कारकुनाने घोळ घातला. कचेरीच्या खिडकीशी कुटुंबाचं कार्ड मागायला गेलीस तेव्हा तो म्हणाला, या मुलीची आई मयत आहे. तू म्हणालीस, "मी समोर उभी आहे की, चिमटा काढून बघा." रांगेतले लोक हसले. तो म्हणाला, घरातल्या मोठ्या माणसाला विचारू. तेव्हा तू वळून माझ्याकडे बघितलंस. मी ठमीचा हात धरून मागे उभी होते. मी म्हटलं, "चल, रांग खोळंबलीय."

एवढंच म्हटलं मी. तुझं तोंड तेव्हा कसं झालं होतं ते मला कालही दिसलं आणि आजही दिसलं.

मग तुला एकटी बाई म्हणून वेगळ्या यादीत घातलं, बसमध्ये बसवलं आणि दुसऱ्या गावच्या बायकांच्या वसतिगृहात धाडलं. महिन्याभरात चूक दुरुस्त होईल असं मी तुला म्हटलं. बस सुटताना ठमी मागे धावली होती. तिला धरून ठेवणारी मीच.

आता का केलं ते. सबबी माझ्याकडे खूप होत्या. मुलगा जाऊन महिना झाला होता, डोकं ठिकाणावर नव्हतं, पायाला सूज होती. सगळं खरं आणि सगळं फुकट. खरी गोष्ट अशी. नळावर बायका मला म्हणत होत्या, "तो ट्रक दुरुस्त करणारा तुझ्या सुनेची बादली उचलून देतो." तू तिशीची. मी मनात म्हटलं, ही आज ना उद्या दुसरं घर करेल आणि पोरीला घेऊन जाईल. मुलगा तर गेलाच, त्याचे नाक-डोळे घेऊन जन्मलेली पोरही गेली तर मी कोणाकडे बघायचं? म्हणून पोर माझ्या नावावर लिहून घेतली. वस्तू लिहून घेतात तशी.

त्या ट्रकवाल्याची बायको पुढच्याच महिन्यात आली, चांगली धडधाकट. तो सगळ्यांच्याच बादल्या उचलायचा. मला एकदा उचलून दिली होती, तेव्हा मला काही वाटलं नाही.

तुझ्या दुसऱ्या लग्नाला माझी हरकत नव्हती असं आता लिहिलं तर ते आणखी एक खोटं होईल. हरकत होती. आणि तरी तू दर महिन्याला पत्रात आधी माझ्या खोकल्याचं विचारतेस, मग पोरीचं. ते वाचून दाखवताना ठमी थांबायची आणि माझ्याकडे बघायची. मी म्हणायचे, पुढे वाच.

गेल्या आठवड्यात मंगळवारी मोजणी आमच्या दारात आली. या गोदामात आमचं दार मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. ठमी कोपऱ्यात गणितं करत होती. तिला बाहेर पाठवावं असं मनात आलं, मग म्हटलं नको, आणखी किती लपवायचं. मोजणीबाई म्हणाली, "आजी, तुमचं सोपं आहे, दोन." मी म्हटलं, "तीन."

"कागदावर दोन आहेत."

"कागद माझ्यामुळे खोटा आहे. हिची आई जिवंत आहे. मी खोटं सांगितलं होतं."

मोजणीबाईने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "आजी, असं बोललात तर चुकीची माहिती दिल्याचा शेरा तुमच्या नावावर पडतो. तुम्हाला कुटुंबातून काढून वृद्धांच्या वसाहतीत टाकू शकतात. मी ऐकलं नाही असं समजू का?" पोरगी डोळ्यांत पाणी आणून बोलत होती. मी म्हटलं, "ऐक आणि लिही. त्या विहिरींचं ऐकलंस, माझं पण ऐक."

ठमी रडली नाही. पेन्सिलीला टोक करत म्हणाली, "आईला माहीत नाही?" मी म्हटलं नाही. ती म्हणाली, "मग आधी तिला सांग." तेव्हापासून अबोला. ती बरोबर आहे. हे पत्र लिहायला मला आठ दिवस लागले, त्यातले सात नुसते कागद फाडण्यात.

आता कामाचं नीट वाच. तू स्वतः यायला हवंस, एकतीसच्या आत. खिडकी तीन, सकाळी दहा ते एक. इस्पितळाचं ओळखपत्र, वसतिगृहाचा दाखला आणि दोन फोटो आण. माझा कबुलीजबाब मोजणीबाईने जोडला आहे, खाली माझा अंगठा आणि सही दोन्ही. घड्याळवाले आणि शिंपीण साक्षीला येतील. नव्या कागदावर कुटुंबप्रमुख म्हणून तुझं नाव घातलंय, खाली मुलगी म्हणून ठमीचं. जुन्या कागदावरचं मयत खोडलंय. खोडताना मी बघत होते.

खाली आणखी एक ओळ आहे. प्रमुखाशी नातं काय आणि तो माणूस सोबत राहणार का. मोजणीबाई तिथे माझं नाव लिहून सासू असं भरणार होती. मी तिचा हात धरला. तुला न विचारता एकदा लिहून झालंय, पुन्हा नको. ती ओळ कोरी आहे. ती प्रमुखाने भरायची असा नियमही आहे. तू भरलीस तर तिघींचं एक घर. नाही भरलीस तर तुम्हा दोघींचं घर कुठे जात नाही, ते मी दोनदा विचारून घेतलंय. वृद्धांच्या वसाहतीत म्हणे कढत पाणी मिळतं आणि भांडायला पुष्कळ म्हातारे. माझं वाईट होणार नाही. दयेने भरू नकोस. मला दया पचत नाही, तुला माहीत आहे.

माझं तोंड बघायचं नसेल तर सकाळी थेट खिडकीशीच ये, तेव्हा मी पलीकडच्या इमारतीत मोजणीला असते. ठमी खिडकीजवळ उभी राहील. तुझ्याबरोबर यायला तिने परवाच तिची पिशवी भरली. काल मी ती उघडून तिचे लोकरी कपडे वर ठेवले, कारण तुमच्या बाजूला थंडी जास्त असते. तिने बघितलं. संध्याकाळी मात्र माझ्या ताटात स्वतःहून भाजी वाढली. जास्त वाढली.

माफी मागायची कशी ते मला कोणी शिकवलं नाही आणि आता वयही नाही. तरी मागते. चुकले, बाई.

तुझी कोण, ते तू लिही. मी माझ्यापुरतं लिहिते.

ठमीची आजी