मर्यादेतला उमेदवार

४ फेब्रुवारी १९७१
लोकसभेचा अर्ज भरला. अपक्ष. कार्यक्रम एकच: कायद्याने ठरवलेल्या खर्चाच्या मर्यादेत निवडून यायचं. समोर साखर कारखान्याचे चेअरमन. ते मर्यादा धाब्यावर बसवणार, म्हणून जनता मला निवडणार. माझ्या टायपिंग क्लासला महिनाभर सुट्टी. आमच्या सौ. प्रमोदिनीबाई म्हणाल्या, गल्लीत तरी कोण ओळखतं तुम्हाला? दुर्लक्ष केलं.

७ फेब्रुवारी
तालमीतला सयाजी आपण होऊन घरी आला! म्हणाला, "अण्णा, तुमच्यासारखा सरळ माणूस दिल्लीला जायाच पायजे की." खर्च मित्रमंडळी करणार. मी बजावलं, मर्यादेबाहेर एक पैसा नको. तर म्हणतो, "तुमच्या मर्यादेवरच तर आमचा जीव हाय." डोळे भरून आले. चार जीपगाड्यांच्या परवान्यांवर सह्या करून दिल्या.

१५ फेब्रुवारी
जीप अजून दृष्टीस पडल्या नाहीत. सयाजी म्हणतो, खेड्यांत पळतायत. शहर मी सायकलवर सांभाळतोय. बिंदू चौकात सभा. अकरा माणसं. त्यांतली पाच बसची वाट बघत होती. सहा पक्की.

२२ फेब्रुवारी
बिलं आली. सगळी माझ्या नावावर. पेट्रोल, पोस्टरं, हातकणंगल्यात मटणाचं जेवण, चारशे पानं. मी हातकणंगल्याला गेलेलोच नाही! मर्यादा ओलांडली तर मिळालेली खासदारकी जाईल. सयाजीकडे धावलो. म्हणाला, "काय बी काळजी करू नका. पन्नास रुपयं खालीच ठेवतो."
माणूस काटेकोर आहे.

५ मार्च, मतदान
सकाळीच सायकल पंक्चर. नाक्यावर जीप आली. काचेवर माझं नाव. आत मतदार, त्यांच्या हातात चेअरमनसाहेबांच्या चिठ्ठ्या. पुढे सयाजी. मी हात केला. "जागा न्हाय वो, अण्णा." चालत गेलो.
चिठ्ठ्या चुकून आल्या असतील.

१२ मार्च
चेअरमनसाहेब निवडून आले. मला एकशे नव्वद मतं. अनामत जप्त. मिरवणुकीत माझ्या चारही जीप प्रथमच एकत्र बघितल्या. गुलालाने काचेवरचं माझं नाव दिसत नव्हतं.
आता समजलं. त्यांना मी नको होतो, माझी मर्यादा हवी होती. त्यांच्या खर्चातला जो भाग त्यांच्या मर्यादेत मावेना, तो माझ्यात बसवला.

२ एप्रिल
हिशोब देण्याची मुदत संपत आली. सयाजीने बेरीज पाठवली. मर्यादेच्या खाली बरोबर पन्नास रुपये. मी फक्त शपथेवर लिहायचं की हा खर्च माझा. प्रमोदिनी म्हणाली, खोटी शपथ घेऊ नका, खरं तेवढंच टाईप करा. केलं. एका ओळीत संपलं: पंक्चर, तीस पैसे.
दोन्ही कागद पुढ्यात घेऊन बसलो. परवान्यांवर सह्या माझ्या. बिलांवर नाव माझं. कोण विश्वास ठेवणार? लाज वाटली, भीती त्याहून जास्त. दुपारी कलेक्टर कचेरीत सयाजीचा कागद दिला.
कारकून म्हणाला, "एवढा खर्च, आन् मतं एकशे नव्वद? काय हे, पावणं!"
पंक्चरचे तीस पैसे त्यात धरलेले नाहीत.