सातव्या पायरीवरची लाल रेघ

बाबा, रंग सुकायच्या आत पाणी चढेल म्हणून मी ब्रश भराभर ओढते आहे. सातव्या पायरीवरची ही रेघ तुमची. ती बुडाली की मोटारबोट चालत्या माणसाच्या वेगानं न्यायची, मागं लाट उठू द्यायची नाही. पलीकडच्या पाऱ्यातल्या, त्या वस्तीतल्या घरांच्या मातीच्या भिंतींना तेव्हा तलाव टेकलेला असतो. हा नियम कुठल्या कागदावर नव्हता. तुम्ही बोट चालवायचात, म्हणून तो होता.

रायपूर राजधानी झालं त्या वर्षी मी बोटीच्या तिकीट-खिडकीवर हंगामी होते. नव्या साहेबांचे पाहुणे आले. रेघ बुडालेली, म्हणून तुम्ही बोट हळू नेलीत. ते हसले, "काका, बैलगाड़ी है क्या?" साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मला कायम करायची फाईल त्यांच्याच टेबलावर होती. तलावाचं पाणी सोडायची मोरी सकाळीच उघडली होती, पाणी उतरेल अशी तुम्हाला आशा होती. पण मोतीबिंदूमुळं घाट तुम्हाला धूसर दिसायचा. दुसऱ्या फेरीआधी तुम्ही बोटीतूनच विचारलंत, "निशाणी दिसून राहिली का, पोरी?"

"हव, दिसते."

तुम्ही वेग दिलात. संध्याकाळी पाऱ्यातून एक बाई आली. मागची भिंत बसली, कोठीतलं धान भिजलं, एवढंच सांगून पायरीवर बसून राहिली. साहेबांनी तुम्हाला बोलावलं. मी तिथंच उभी होते. "मेरेको ही नहीं दिखा, साहब," म्हणालात आणि बोटीची किल्ली टेबलावर ठेवलीत.

मग आठवडाभर तुम्ही तिच्या भिंतीची माती मळत होतात. मी डबा आणायचे. तुम्ही हात धुवायचात, जेवायचात, विचारायचात काही नाही. मी कायम झाले तेव्हा पेढे आणलेत, आधी त्या बाईकडं देऊन आलात.

आता हा घाट माझ्याकडं आहे. उद्या पाहुणे येणार, बोट जोरात हवी, असा फोन आला होता. पाऱ्यात अजून काही भिंती मातीच्या आहेत. बोटांचा लाल रंग या कागदाला लागला आहे. घडी करून तिकिटांच्या खणात ठेवीन. तुम्हाला कळलं होतं का, ते मला आजवर कळलेलं नाही. माझी नजर चुकली नव्हती, बाबा. रेघेवर वीतभर पाणी होतं.

कागद पुन्हा उघडला आहे, बाबा. सकाळी रेघ पाण्याखाली होती. पाहुणे आले. मी किल्ली दिली नाही.